नाळ पडेपर्यंत

सोनीबाई आमच्या मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि मी कंपाउंडर. राजुऱ्यासारखं गाव सोडून एटापल्लीच्या पुढच्या या जंगलात कुठं येऊन पडलो, म्हणून मी रोज कुरकुरायचो. ती हसायची. म्हणायची, "गुणवंतभाऊ, तुमी बोलता लय, पन जात नाई कुठी."

नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला हाकलून दिलं. त्याच सुमाराला सिस्टर मार्था ही जर्मन नर्स दवाखान्यात आली. तिला धड मराठी येईना, गोंडी तर नाहीच. सोनीबाईनं तिला दोन्ही शिकवल्या, वर चार शिव्याही शिकवल्या. पुढं दोघी एका ताटात जेवू लागल्या.

गावाबाहेरच्या बाळंतिणीच्या झोपडीत परक्या बाईला पाऊल टाकता येत नसे. सोनीबाई त्यांच्यातलीच, माडिया, म्हणून तिला आत घेत. पण जिनं नाळ कापली तिनं नाळ गळून पडेपर्यंत तिथंच राहायचं. मधेच उठून गेली तर लेकरू दगावतं, असा त्या गावचा समज होता. मार्थाबाईनं हा नेम कधी मोडू दिला नाही.

शहाऐंशी साली जंगलात बंदूकवाले, सडकेवर पोलिस आणि मधे आम्ही. सोनीबाई दोघांच्याही जखमा बांधायची, म्हणून दोघांनाही ती खबरी वाटायची. भर बाजारात तिला जिवे मारायची धमकी मिळाली. तेवढ्यात मिशनचा निरोप आला, सगळे चंद्रपूरला या, जीप पाठवतो. "सोनी सोबत असेल तरच," मार्थाबाई म्हणाली.

एसटी बंदच झाली होती. सामान बांधून आम्ही व्हरांड्यात जीपची वाट बघत बसायचो. गाडीचा नुसता भास झाला तरी मार्थाबाई उठून उभी राहायची. अशात गावातला झिंगू धावत आला. त्याची बायको अडली होती. सोनीबाई गेली, मुलगी सुखरूप झाली, आणि दुसऱ्याच दिवशी जीप आली.

ड्रायव्हर लटारू इंजिन बंद करायला तयार नव्हता. मार्थाबाई झोपडीच्या कुंपणापाशी धावली.

"सोनी, चल! गाडी आली!"

"नाळ नाई पडली, बाई."

"त्यानं मूल मरत नाही गं!"

"नसन मरत. पन हिची माय भिऊन रडून राह्यली. हिले टाकून कशी येऊ? तुमी जा. नाळ पडली का मी येतो पायी."

मला भयंकर राग आला तिचा. जगाची बाळंतपणं करणाऱ्या या बाईला स्वतःच्या जिवाची काही किंमत आहे की नाही! मार्थाबाई कुंपण सोडेना. लटारूनं आणि मी तिला उचलून जीपमध्ये बसवलं.

चंद्रपुरात तिनं आपल्या खाटेशेजारी दुसरी खाट घालून घेतली. मायदेशी परत जा म्हणून मिशनचे वरचे लोक मागं लागले, ती ऐकेना. महिनाभरानं, मोहफुलं वेचून संपली तेव्हा झिंगू आला. एकटाच.

"नाळ पडली, बाई. सोनीबाई न्हाऊन निघाली. मी सडकेपावतर संग होतो. तोंडं बांधलेले लोकं आले अन् घेऊन गेले तिले. गावानं जंगल पालथं घातलं. नाई भेटली."

कोणी नेलं ते आजवर कळलेलं नाही. विचारलं की पोलिस बंदूकवाल्यांकडं बोट दाखवतात आणि बंदूकवाले पोलिसांकडं. सोनीबाईसारख्या माणसाचा असा हिशेबच लागू नये, याची चीड माझ्या मनातून जात नाही.

झिंगू त्या दिवशी जायला उठला. मग म्हणाला, "पोरीचं नाव सोनी ठेवाचं हाय. पन आमच्यात मेलेल्याचंच नाव लेकराले देते. जित्या मानसाचं देलं तं ते मानूस मरते. तुमी सांगा बाई, ठेवू का?"

मार्थाबाई रडू लागली. "नको," ती म्हणाली, "एवढ्यात नको ठेवू."

झिंगूची मुलगी आता अंगणभर धावते. तिला अजून नाव नाही.