तेलवाल्या उंदरिणी

धोंडाबाई पिंगळे मखमलाबादची. घर भाजीपाला आणि फुलं पिकवणारं, पण १९७६ पासून ती नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे पांढरे उंदीर सांभाळायची. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पेंडीच्या गोळ्या टाकणं आणि सुई टोचताना उंदीर धरणं, हे तिचं काम. एमएस्सीच्या पोरांना कडकडून चावणारा उंदीर तिच्या मुठीत गप्प बसायचा. नोकरी मात्र हंगामी. दरवर्षी जूनमध्ये विभागप्रमुखांच्या मर्जीवर.

विभागातल्या लताबाईंचं पीएच.डी.चं काम चाललं होतं. मादीच्या दुधाच्या ग्रंथी कशामुळे वाढतात, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी कोवळ्या माद्यांची अंडाशयं काढून त्यांचे तीन गट केले होते. एका गटाला तेलात मिसळून इस्ट्रोजेन टोचायचं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन, तिसऱ्याला नुसतं तेल. मग माद्या मारून त्यांच्या ग्रंथी काचेवर पसरायच्या आणि लाल रंगवायच्या. इस्ट्रोजेनने दुधाच्या नळ्या लांबतात, त्यांना फांद्या फुटतात. प्रोजेस्टेरॉन मिळालं की द्राक्षाच्या काडीला यावेत तसे त्या फांद्यांना डोळे येतात. तेलवाल्यांमध्ये काहीच वाढायला नको, कारण बाकीच्यांची तुलना त्यांच्याशीच करायची.

हे सगळं लताबाईंनी तिला नीट समजावलं होतं. तिच्या मनाला त्यातलं एकच लागलं. ह्यांचं आतलं काढून घेतलं, आणि वर ह्यांनाच काही द्यायचं नाही. तिचं स्वतःचंही तेच झालं होतं. बत्तिसाव्या वर्षी गाठीपायी पिशवी काढली, अंडाशयांसकट. मूल नव्हतंच. पुढं अंगातून वाफा निघायच्या, छाती ओसरली, आणि गल्लीत कुणाची ओटी भरायची असली की तिला बोलावणं येईनासं झालं. असं वागणाऱ्या बायका स्वतःला देवभोळ्या म्हणवतात, हे विशेष.

घरी बांधाला म्हशीसाठी लसूणघास लावलेला होता. ओल्या घासानं जनावराचं दूध वाढतं, असं सासू सांगायची. धोंडाबाई रोज त्यातला मूठभर पदरात बांधून आणायची आणि तेलवाल्यांच्याच पिंजऱ्यांत टाकायची. बाकीच्यांना औषध होतं, ह्यांना कोण होतं? तेलवाल्या पुढच्या पायांत काडी धरून कुरतडत बसायच्या, ते बघून तिला फार बरं वाटायचं. काडी मागं राहायची नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१९७९ च्या फेब्रुवारीत काचा तयार झाल्या. तेलवाल्यांच्या नळ्या लांबल्या होत्या, फांद्या फुटल्या होत्या. लताबाईंनी तेल तपासलं, सुया तपासल्या, सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. कापताना अंडाशयाचा तुकडा आत राहिला असेल, आपलाच हात चुकला असेल, असं त्या म्हणू लागल्या. तयारी धरून दीड वर्षाचं काम होतं. विभागप्रमुख म्हणाले, अशा निकालावर प्रबंध उभा राहत नाही. लताबाई टेबलाशी डोकं धरून बसल्या.

धोंडाबाई दारात उभी होती. आपल्या घासानंच काहीतरी झालं, हे तिला कळून चुकलं होतं. बोललं तर नोकरी जाणार आणि गप्प बसलं तर कुणाला कधी कळणार नाही, हेही कळत होतं. पण समोरची बाई स्वतःच्या हातांना दोष देत होती, ते तिला बघवेना.

"बाई, तुमचं काय चुकलं नाय. म्या त्यांना घास घातला."

"कसला घास?"

"म्हशीचा. लसूणघास. रोज मूठमूठ. तेलवाल्यांनाच."

लताबाईंनी समोरची नोंदवही मिटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या घासात इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य असतं, धोंडाबाई. का घातलात?"

"त्यांना कायच मिळत नव्हतं."

विभागप्रमुख तिला त्याच दिवशी काढायला निघाले होते. लताबाईंनी अडवलं. उंदीर धरायला असा हात दुसरा मिळणार नाही, म्हणाल्या. धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला.

"आन् ह्या काचांचं काय?" तिनं विचारलं.

"ह्या गेल्या. सगळं पहिल्यापासून करायचं. नव्या छत्तीस माद्या."

शिक्षा झाली तर आपल्याला होईल, एवढं तिनं धरलं होतं. आपल्या मूठभर घासापायी आणखी छत्तीस जीव जातील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती एकेक मादी पिंजऱ्यातून काढत गेली. ईथरच्या बोळ्याखाली मादी सैल पडेपर्यंत मुठीत धरून ठेवायची आणि अंडाशयं काढायला टेबलावर द्यायची. सगळ्या छत्तीस तिनंच दिल्या. ह्यावेळी तेलवाल्यांना तिनं गवताची काडीही घातली नाही. त्या जाळीशी येऊन तिचा हात हुंगायच्या, तेव्हा ती हात काढून घ्यायची.

जूनमध्ये लताबाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तेलवालीच्या काचेवर चार-दोन बारीक लाल रेषा होत्या. फांदी नव्हती, डोळा नव्हता.

"बघा, अगदी असंच यायला हवं होतं," लताबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्या हसत होत्या.

"बराबर आलं," धोंडाबाई म्हणाली. तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा मात्र काढला नाही. "पन बाई, ह्या छत्तीसांचं पाप तुम्ही तुमच्यावर घेऊ नका. ह्या म्या मारल्या."