खिडकी लावा, दिवा विझतो

वाटूर फाट्यावरच्या एका धर्मादाय दवाखान्यात सर्जेराव क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासायचे. या कामावर त्यांचं एवढं प्रेम, की लग्नाच्या पंगतीतही कुणाचा खोकला कानावर पडला की हे ताट सोडून उठत. "कधीपासून हाय हा?" असं विचारेपर्यंत खिशातून झाकणाची डबी निघालेली असे. "सकाळी चूळ भरून छातीतला बेडका काढा. लाळ चालायची न्हाई!" एकदा नवरदेवाच्या मामालाच त्यांनी भर पंगतीत डबी दिली. त्यानंतर त्यांना आमंत्रणं कमी येऊ लागली. लोक हल्ली लग्नं साधेपणानं करतात, असा त्यांचा समज झाला.

बेडका काढायचा तो बाहेर अंगणात, मोकळ्या हवेत, असा दवाखान्याचा नियम होता. पण अंगणातल्या ओट्यावर सासरे आणि थोरले दीर बसलेले असत. त्यांच्यादेखत खाकरायला सुना लाजायच्या आणि नुसती लाळ घालून डबी परत करायच्या. सर्जेरावांना त्यांची दया आली. ते त्यांना आपल्या खोलीत बोलावू लागले. दार लावून घेत आणि मर्यादा म्हणून स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. खिडकी तर कायमचीच बंद. बेडका पसरलेली काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावर शेकावी लागे आणि फाट्यावरचं वारं दिवा टिकू देत नसे.

नंदाबाई सिस्टर रोज भांडत. "सर्जेराव, खिडकी उघडा. सगळी हवा कोंडून राह्यली."

"दिवा विझतो, सिस्टर."

"आणि तुम्ही विझले म्हणजे?"

"मी रॉकेलवर चालतो. आणि जंतू मला वळखतो बराबर. रोजचं येणं-जाणं हाय."

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांची लेक बेबीनंदा बाळंतपणाला आली. नात झाली. सर्जेरावांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, बाळंतिणीच्या खोलीच्या फटीफटीत चिंध्या कोंबल्या, दाराला गोधडी लावली आणि बाजेखाली शेगडी ठेवली. रोज संध्याकाळी त्या उबेत सर्जेराव नातीला मांडीवर घेऊन बसत, तिच्या छातीला कान लावत आणि जाहीर करत, "छाती साफ!"

पुढं त्यांना स्वतःलाच खोकला लागला. तो आधी तुरीच्या भुशामुळं आला, नंतर फोडणीमुळं, नंतर शेगडीच्या धुरामुळं. शर्ट ढगळ झाला तेव्हा त्यांनी शिंप्याला नावं ठेवली. शर्ट जुनाच होता.

एके दिवशी नंदाबाईंनी त्यांच्या टेबलावर एक डबी ठेवली.

"कोणाची?"

"तुमची."

"सिस्टर, मी डबी देणारा माणूस हाय."

"आता घेणारे व्हा. घरात तान्हं लेकरू हाय, सर्जेराव."

सर्जेरावांनी डबी खिशात घातली. संध्याकाळी बेबीनंदानं नात पुढं केली आणि तेवढ्यात लेकरू शिंकलं. सर्जेरावांनी पुढं केलेले हात मागं घेतले. "कंबर धरली," असं म्हणून ते ओसरीवर जाऊन बसले.

सकाळी डबी घेऊन ते दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीमागं गेले. खाकरणार तोच समोरून दुकानदार रामकिसन आला. "काय सर्जेराव, इकडं कुठं?" खोकला गिळून ते टाकीकडं बघत राहिले, जणू गळती शोधत होते. रामकिसन दिसेनासा झाल्यावरच डबी भरली.

आपली काचपट्टी त्यांनी आपणच शेकली. मग तिला रंग दिला. सूक्ष्मदर्शकात निळ्या रंगावर बारीक लाल काड्या दिसल्या, क्षयाच्या जंतूंच्या. त्यांनी दुसरी पट्टी केली. तिच्यावरही त्याच.

"सिस्टर, लाल दिसतं का?"

"दिसतं."

"बराबर बघा."

"बराबरच बघून राह्यले, सर्जेराव."

ते घरी आले, पण आत गेले नाहीत. अंगणातूनच ओरडले, "बेबे, चिंध्या काढ! खिडकी उघड!"

कौसल्याबाई धावत बाहेर आल्या. "लेकरू गारठंल! येडे झाले का?"

"मला झालंय," सर्जेराव म्हणाले.

काय, ते त्या घरात कुणाला विचारावं लागलं नाही. कौसल्याबाई आत गेल्या आणि एकेक चिंधी ओढून काढू लागल्या.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी नात तपासली. ताप नव्हता, वजन ठीक होतं. तरी खबरदारी म्हणून रोज गोळी चुरून द्यायची आणि लक्ष ठेवायचं. "आत्ताच काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य सर्जेरावांनी किती घरांना हसत हसत ऐकवलं होतं!

त्यांची बाज अंगणात आली. स्वतःच्या गोळ्या चालू झाल्या. रिकामपणी एके दिवशी त्यांनी डालड्याचा डबा उभा कापला आणि घरातल्या एका दिव्याला तीन बाजूंनी आडोसा केला. नंदाबाई समाचाराला आल्या, तेव्हा भर वाऱ्यात ज्योत सरळ उभी होती.

"एवढं डोकं आधी कुठं गेल्तं?" त्या म्हणाल्या.

सर्जेराव उत्तर देणार, तोच उघड्या खिडकीतून नातीचा खोकला आला. एकदाच. ते उठले.

"बेबे, काय झालं गं?"

"ठसका लागला, बाबा. दूध पिऊन राह्यली."

"हां," ते म्हणाले. पण बसले नाहीत. खिडकीकडं कान लावून तसेच उभे राहिले.