सोलरवरच्या कुरडया

आमच्या गल्लीत स्लॅबची गच्ची एकच, दुर्गाबाईंची. बाकी सगळी टिनाची घरं, माझंही त्यातलंच. त्यामुळे चैत्र लागला की अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या गल्लीतल्या बायका गव्हाच्या चिकाची पातेली घेऊन त्यांचा जिना चढायच्या. नवरा गेल्यापासून दुर्गाबाई वर्षभर शिलाई मशीनवर मान घालून बसलेल्या असत. कोणाकडे जाणं नाही, येणं नाही. उन्हाळ्यात मात्र गच्चीवर त्यांचं राज्य. चीक पातळ झाला तर ओरडायच्या, कुरडई वाकडी पडली तर करणारीच्या माहेरचा उद्धार करायच्या. मला त्या फार आवडतात, हे आधीच सांगून टाकते. कंजूष मात्र अशा, की एका बल्बच्या उजेडात दोन खोल्या भागवतील.

म्हणूनच त्यांचा मुलगा बंडू म्हणाला, "माय, दोन कूलर अन् बोअरची मोटार, बिल झेपत नाही आता. गच्चीवर सोलर बसवू. आपली लाइट आपणच बनवू," तेव्हा त्या एका पायावर तयार झाल्या. सोलर म्हणजे गच्ची जाणार, हे बाईंच्या डोक्यात शिरलं ते लोखंडी पाइप घेतलेली माणसं जिना चढू लागल्यावर. दोन दिवसांत छातीइतक्या उंचीवर तिरप्या निळ्या प्लेटा उभ्या राहिल्या. उन्हाची जागा म्हणून राहिली ती पाण्याच्या टाकीजवळची पाटाएवढी.

संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. "आता बाया कायले येतीन वो? गच्ची होती म्हून येत होत्या. मी काय उन्हाळाभर टाकीशी बोलू?"

"येतील हो," मी म्हटलं. पण खरं सांगते, मलाही खात्री नव्हती.

मार्ग काढला माणिकबाईंनी. समोरच्या घरातल्या या बाई गुडघ्यांनी हैराण, पण डोक्याने तेज. प्लेटांवर हात फिरवून म्हणाल्या, "वहिनी, काच हाये, तापते, धूळ नाही. अजून काय पायजे?" दुसऱ्या दिवशी जुनी सुती लुगडी प्लेटांवर पसरली, टोकं पाइपांना घट्ट बांधली आणि वर ओळीने कुरडया पडल्या. अशा खडखडीत वाळल्या की विचारू नका! दुर्गाबाई रोज सकाळी नव्या नवरीसारख्या उत्साहाने वर जायच्या. प्लेटांवर ऊन पडलं तरच लाइट बनते, एवढी साधी गोष्ट आम्हा शहाण्या बायकांपैकी एकीलाही सुचली नाही. बंडू सकाळी दुकानात जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. तोवर लुगडी घडी करून ठेवलेली असत.

बिल आलं, ते होतं तेवढंच. बंडूने सोलर कंपनीच्या माणसाला फैलावर घेतलं आणि भर दुपारी त्याला घेऊनच गच्चीवर आला. आम्ही सगळ्या तिथेच. कंपनीचा माणूस बिचारा लुगड्यांकडे बघतच राहिला. माणिकबाईंनी त्याच्या हातात बशी दिली. "गरम चीक हाये, साखर टाकली. खा बापू."

बंडूचा पारा चढला. "माय, काहून केलं असं? मी इथं पैसे वाचवून राहिलो, अन् तू सोलरवर कुरडया वाळवून राहिली?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "तुहा बाप गेला तवा मी महिनोन्महिने कोणाशी बोलली नाही. बोलली ते या गच्चीवर. या बाया यायच्या बंद झाल्या तर मले भेव वाटते, बंडू. बिलाचं माह्या ध्यानातच आलं नाही."

बंडूने मान खाली घातली. "राहू दे मंग. उन्हाळ्याचं बिल भरू आपण."

"नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुही मेहनत हाये." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लुगड्यांच्या गाठी सोडल्या. आम्ही आपापल्या कुरडया गोळा करून खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी प्लेटा पुसून काढल्यावरही दुर्गाबाई खाली आल्या नाहीत. मला राहवलं नाही, मी गेले. त्या प्लेटांच्या सावलीत एकट्या बसल्या होत्या. मी टेकते न टेकते तोच जिन्यावर कण्हण्याचा आवाज आला. माणिकबाई. त्यांच्यामागे एकेक करत गल्लीतल्या सगळ्या. एकीच्याही हातात पातेलं नव्हतं.

"कुरडया?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"टाकल्या टिनावर. वाळतीन तशा वाळतीन," माणिकबाई पाय पसरून बसल्या.

"मंग एवढे गुडघे दुखवत वर कायले आल्या?"

"कायले म्हंजे? तुमी वर होत्या म्हून."

दुर्गाबाई रडल्या. आम्ही त्यांना रडू दिलं.