विहिरीतला टांगेवाला

"चार नंबर? मला? मामा, भायेर या! आज एक तर तुमची सुई न्हाय, न्हायतर मी न्हाय!"

आमच्या अंगणात उभा राहून तालमीतला पैलवान ओरडत होता. त्या आवाजाने कौलांवरची कबुतरं उडाली ती रंकाळ्यापलीकडे जाऊन बसली आणि पुन्हा आमच्या पेठेत कधी फिरकली नाहीत. अंगावर तांबडी माती तशीच, लंगोटावर घाईघाईने गुंडाळलेलं धोतर, आणि डोळ्यांत पाणी. कारणही तसंच होतं. आदल्या दिवशी आतोबांनी, म्हणजे साऱ्या पेठेच्या मामांनी, त्याच्या बोटाला सुई टोचली होती, थेंब उन्हात धरून बघितला होता आणि चारचौघांत "चार नंबरचं रक्त" असं सांगून टाकलं होतं. खासबागेच्या मैदानात ज्याची पाठ कुणी मातीला लावली नाही, त्याला चार! आतोबा पंच्याला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "पैलवान, एक नंबरवाला साऱ्यांचं रक्त घेतो, पण देताना आपल्यासारखाच शोधतो. चार नंबरवाल्याचं रक्त साऱ्या दुनियेला चालतं. तू दाता हायस. आता सांग, राजा कोण आणि मागणारा कोण?" पैलवानाने धोतराची गाठ नीट आवळली. मग मान हलवत गेला. दुसऱ्या दिवशी अख्खी तालीम दारात रांग लावून उभी, आणि जो तो म्हणतोय, "मामा, मला बी चारच पायजे."

आमच्या आतोबांइतका सज्जन आणि त्यांच्याइतका भीती घालणारा माणूस अख्ख्या करवीर संस्थानात दुसरा झाला नाही, हे मी कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी नोकरीला लागल्यापासून आत्याकडेच जेवायला होतो, त्यामुळे सांगतोय ते सगळं डोळ्यांदेखतचं आहे. शिकारखान्यातले महाराजांचे चित्ते फिरायला निघाले, की माणसं बाजूला होत. पण आतोबा समोरून येताना दिसले, की चित्तेच बाजूला होत. माणूस तसा काडीसारखा. जर्मन लढाईत जखमा बांधायला, ड्रेसर म्हणून, बसऱ्याला गेले आणि परत येताना अंगात हिवताप, फेट्यात खोचलेली सुई आणि डोक्यात एक वेड घेऊन आले. तिथे एका डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली ते रक्ताची पारख शिकले होते. पुढे साहेबही कोल्हापूरला, आमच्या शेजारच्याच दवाखान्यात आले आणि आमच्या पेठेचं स्वास्थ्य कायमचं संपलं.

आतोबा माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. नमस्काराला हात जोडले, की ते हात सोडवून घेत, बोटाचं टोक दाबत, ते कसं लाल होतंय ते बघत आणि "हं" म्हणत. त्या "हं"ने धडधाकट माणसं घरी जाऊन अंथरूण धरीत. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरीकडे टक लावून "दोन… आणि तीन… हं" असं पुटपुटले, की वरमाईच्या हातातलं ताट खाली पडे. रस्त्यात हाक मारत तीही नंबराने. एकदा वाटणीवरून कोर्टात गेलेले दोघे सख्खे भाऊ त्यांच्याकडे आले. आमचं रक्तच जुळत नाही असं लिहून द्या, म्हणाले. आतोबांनी दोघांना टोचलं, इकडचं तिकडे मिसळलं, आणि म्हणाले, "रक्त झ्याक जुळतंय. भांडायचं असंल तर दुसरं काय तरी काढा." बिचारे हिरमुसून गेले.

पारखेची रीत मी त्यांच्याकडूनच ऐकली. माणसाचं रक्त नुसतं ठेवून दिलं, की खाली गोळा बसतो आणि वर पिवळसर पाणी सुटतं. ते पाणी दुसऱ्याच्या रक्ताच्या थेंबात मिसळायचं. पटलं तर थेंब कुंकवाच्या पाण्यासारखा तसाच राहतो. नाही पटलं तर बघता बघता फाटतो, नासलेल्या दुधासारखा, आणि लाल रवा काचेवर जमतो. एका दोन नंबरवाल्याचं आणि एका तीन नंबरवाल्याचं पाणी हाताशी असलं, की तिसऱ्या कुणाचाही नंबर सांगता येतो. आतोबा दोन थेंब एकत्र करीत, काच हळूहळू डोलवीत, वाकून त्यांच्या कानात सांगावं तसं कुजबुजत, "हं, बोला आता." आणि थेंब खरंच बोलत. मी मी म्हणणारा माणूस ते बघून पाठीला भिंत शोधू लागे.

आतोबांच्या दोन बाटल्यांपैकी एकीत त्यांचं स्वतःचं पाणी होतं. दुसरीत टांगेवाले चाचा.

हे चाचा कोल्हापुरातले सर्वांत भांडखोर गृहस्थ. स्टेशनापासून आमच्या पेठेपर्यंत येताना ते घोड्याशी, गिऱ्हाइकाशी, रस्त्याशी आणि वाऱ्याशी भांडत येत. बसऱ्याहून परतलेल्या आतोबांना त्यांनीच घरी आणलं, तेसुद्धा रस्ता कोणता जवळचा यावरून हमरीतुमरी करत. आतोबा टांग्यातून उतरले ते म्हणाले, "चाचा, असलं रक्त एकदा बघायलाच पायजे." चाचांनी बाही सरकवली. "बघा की! घाबरतो व्हय मी?" सुईत ओढलेलं ते रक्त फळीवर राहिलं, वर पाणी सुटलं, आतोबांनी टिकावं म्हणून कार्बोलिकचा थेंब टाकून ते बाटलीत भरलं. आणि त्याच हंगामात साथीच्या तापात चाचा गेले.

चाचा गेले, बाटली राहिली. उन्हाने ती नासू नये म्हणून आतोबांनी ती शिंकाळ्यात घालून आमच्या परसातल्या विहिरीत सोडली, अगदी पाण्याला टेकेल इतकी. कुणाचा नंबर काढायचा झाला, की रहाट कुरकुरे, दोर वर येई, आणि मेलेल्या माणसाचं पाणी जिवंत माणसाच्या रक्तावर धावून जाई. ते बघताना अंगावर काटा येत नसे असा माणूस मी पाहिला नाही. भर दुपारी सगळं सामसूम झालं, की बाटली विहिरीच्या दगडावर टकटक वाजे. हुबेहूब घोड्याच्या टापा. चाचांचा घोडा आता त्यांचा जावई हाकत होता. पण आमच्या परसाच्या भिंतीशी आला, की तो घोडा कान ताठ करून थांबे आणि चाबूक मोडला तरी हलत नसे. गल्लीतल्या बायकांनी आमच्या विहिरीचं पाणी टाकलं. आत्या तेवढी भरायची, पण डोक्यावरून पदर घेऊन. "एवढं काय गं?" मी विचारलं, तर म्हणाली, "परका पुरुष हाय आत."

या बाटलीला एकच माणूस भीत नव्हतं. चाचांची बायको. तिला सारी पेठ चाची म्हणे. महिन्याच्या पहिल्या जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती यायची, विहिरीच्या कट्ट्याशी बसायची आणि बोट पुढे करायची. आतोबा बाटली वर ओढायचे, तिच्या रक्तात चाचांच्या पाण्याचा थेंब टाकायचे. थेंब फाटायचा. चाची वाकून बघायची, आणि तिचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा. "बघा की वो भाऊ, अजून भांडतोय!" मग पदर झटकून, विहिरीकडे बघून दोन शिव्या हासडून घरी जायची. बाटली तळाला चालली होती. दवाखान्याच्या कामाला तो प्रत्येक थेंब हवा होता. हे आतोबांना कळत नव्हतं थोडंच? पण जुम्मेरात आली, की ते सकाळीच काच पुसून ठेवीत.

आणि मग ती दुपार आली. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. मी जेवून हात धुतोय तोच भिंतीपलीकडे टांगा थांबला. चाचीची लेक बाळंत झाली होती, पोर सुखरूप होतं, पण रक्त थांबत नव्हतं. जावयाने तिला आमच्या शेजारच्या दवाखान्यात टाकलं होतं. डॉक्टरसाहेबांनी वाहणं कसंबसं आवरलं, पण अंगात काही उरलं नव्हतं. रक्त द्यायला हवं होतं, आणि ताबडतोब. चार नंबरवाला पैलवान सगळ्या तालमीसकट मिरजेला कुस्तीच्या मैदानाला गेलेला. आतोबांच्या रक्तात हिवताप. जावई, आत्या आणि मी एक नंबरचे, म्हणजे नुसते घेणारे. बाकीच्या पेठेने आतोबा धावत निघालेले बघितले आणि दारं लावून घेतली. लेकीचं रक्त ठेवून, त्यावर पाणी सुटायची वाट बघून, मग ते कुणाशी पटतं ते बघायचं, इतका वेळ तिच्याकडे नव्हता.

"माझं घ्या," चाची म्हणाली.

आतोबा लेकीच्या रक्ताचा थेंब घेऊन परसात आले, मागोमाग चाची. पहिल्यांदा त्यांनी आपलं पाणी मिसळलं. थेंब गुळगुळीत राहिला, चाचीचा राही तसाच. मग रहाट कुरकुरला. वर आलेली बाटली आतोबांनी उजेडात धरली. आत एकच थेंब होता, तो तळाला चिकटलेला. त्यांनी बाटली काचेवर उपडी धरली आणि वाट बघत राहिले. माझ्या आयुष्यात मी पंचगंगेचा पूर उतरताना बघितलाय. तोसुद्धा त्या थेंबापेक्षा लवकर उतरला.

"चाची, नीट ऐका," आतोबा म्हणाले. "चाचा भांडले, तर पोर तुमच्या नंबराची. तुमचं रक्त चालंल. गप्प ऱ्हायले, तर तुमचं रक्त तिला इख हाय."

थेंब पडला. आतोबांनी काच डोलवली. "बोला," ते कुजबुजले. आम्ही तिघं वाकलो. लाल थेंब शांत होता. पुन्हा डोलवली. शांत. निर्मळ, लाल, एकसारखा, जसे चाचा आयुष्यात कधी नव्हते. भिंतीपलीकडे घोड्याने एकदा टाप आपटली आणि तोही गप्प झाला. आतोबांच्या कपाळावरून घाम काचेवर पडायला आला, तो मी माझ्या हातावर झेलला.

आणि चाची ओरडली. काचेवर नाही, विहिरीत तोंड घालून.

"आरं ए मुडद्या! जलमभर भांडलास! मीठ जादा म्हणून भांडलास, कमी म्हणून भांडलास, माझ्या निकाहात काजीशी भांडलास! आन आज लेकीच्या येळंला गप बसतोस व्हय? भांड! भांड म्हणते न्हवं!"

विहिरीतून तिचाच आवाज परत वर आला, पण जाडा होऊन, पुरुषाचा होऊन आला. आत्या दारात उभी होती, तिने डोक्यावरून पदर ओढला. मी काचेकडे बघितलं. थेंबाच्या कडेला एक कण दिसला. मग दुसरा. मग सगळा थेंब आतून हलल्यासारखा झाला आणि फुटला, चरचरून, लाल रव्याची नुसती रांगोळी. आतोबा काच तिथेच टाकून चाचीला हाताला धरून दवाखान्याकडे पळाले.

चाची बाकावर आडवी झाली, तरी तिचं तोंड चालूच होतं. "काढा, आणखी काढा," ती साहेबांना दटावत होती, "नुसती गरीब गाय हाय माझी लेक, जरा बोलायला तरी लागंल!" संध्याकाळी लेकीच्या ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडले, पोराला जवळ घेतलं आणि पाणी मागितलं. जावई भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

पुढच्या महिन्याची पहिली जुम्मेरात आली. मला वाटलं, चाची आता कशाला येईल? आली. नेहमीच्या जागी बसली. आतोबांनी काच पुसलेली नव्हती. रहाटावरचा दोर सोडून ठेवला होता. दोघंही विहिरीकडे बघत होती. दगडावर काही वाजत नव्हतं. चाचीने बोट पुढे केलं नाही. ती पदराच्या टोकाला गाठी मारत बसली, मारायची आणि सोडायची. आत्या तिच्यासाठी चहा घेऊन आली. डोक्यावर पदर नव्हता.

चाची गेल्यावर मी आतोबांच्या शेजारी जाऊन बसलो. रिकामी बाटली त्यांच्या हातात होती. माझ्या मनातून ती दुपार जात नव्हती. शेवटी विचारलंच. "आतोबा, खरं सांगा. ती ओरडली म्हणून चाचा भांडले ना?"

आतोबांनी बाटली उजेडात धरली, तिच्यात फुंकर मारली आणि बूच लावलं.

"पाणी जुनं झालं होतं," ते म्हणाले. "वेळ लागतो."