वाणातला मसाला

यंदा सोसायटीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मालवणी मसाल्याची पुडी मिळाली, वर क्यूआर कोड चिकटवलेली. मी तिथेच ती नाकाशी धरली आणि थेट मुलुंडच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तेव्हा आईने नुकताच मसाल्याचा धंदा सुरू केला होता. महिला मंडळाच्या हळदीकुंकवात स्टॉल लावण्यापेक्षा वाणच आपल्या मसाल्याचं द्यायचं, ही शक्कल माझी. एका संध्याकाळी शंभर घरांत मसाला पोचणार! प्लास्टिकच्या पुड्या भरून मी प्रत्येकीवर नाव-पत्त्याची चिठ्ठी चिकटवली. सकाळी उठून बघते तर आई ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी काढत बसलेली. बोटं मसाल्याने लाल, डोळ्यांना पाणी.

"आई, सगळ्याची वाट लावलीस!"

"वाणार कोण पत्तो लिवता गो? आवडलो तर इचारीत येतले."

कोणी आलं नाही. धंदा दोन वर्षांत बंद पडला आणि मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. आता आई नाही, तर वाटतं, त्या सकाळी तिच्या शेजारी नुसती बसले असते तरी चाललं असतं.

एवढ्यात माझ्या बाजूला बसलेल्या काकूंनीही आपली पुडी हुंगली. "छे! मुलुंडला एकदा वाणात मिळाला होता, तसा मसाला पुन्हा नाही गं मिळाला. कुणाकडे विचारायचं, तेच कळेना."

मी त्यांना आईचं नाव सांगितलं. पत्ता आता कुठला देणार?