अक्काची तिसरी वही

अक्का गेली तेव्हा दारावर बसायला येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या मरणाचं कारण आधीच माहीत होतं. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव असं लिहिलं होतं. भडगावच्या आमच्या ओट्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी ठरलं, की तिला किरणांनी मारलं.

अक्का माझी मोठी बहीण. जळगावच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. तीन उन्हाळे तिनं दूरच्या एका प्रयोगशाळेत ग्राफीनवर काम करण्यात घालवले. ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. त्यावर ती पॉझिट्रॉन सोडायची. मी धुळ्यात ग्रंथपाल. मला तिनं हे याच ओट्यावर, शेंगा सोलता सोलता समजावलं होतं. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनसारखाच, फक्त उलट भाराचा. दोघं भेटले की दोघंही संपतात. इलेक्ट्रॉनची जागा रिकामी होते, वरचा एक तिथं उतरतो, आणि त्यात सुटलेल्या ऊर्जेनं तिसराच बाहेर फेकला जातो.

"त्या तिसऱ्याला मी मोजते," ती म्हणाली. "पॉझिट्रॉन इतके हळू सोडायचे, की त्यांच्या धक्क्यानं कोणी बाहेर पडता कामा नये. मग जो येईल तो आपला."

दारावर येणारे 'कधीही न भरून निघणारी पोकळी' म्हणायचे, तेव्हा मला चीड यायची. पोकळी भरताना काय घडतं तेच ती मोजत होती, आणि यांतल्या एकानंही तिला कधी विचारलं नव्हतं, की बाई, तू करतेस काय?

सगळ्यात मोठा आवाज नानांचा, म्हणजे आमच्या चुलत्यांचा. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फेडायच्या सकाळी तिच्या कपड्यांचं गाठोडं गिरणा नदीत सोडायला निघालं. अक्का दर उन्हाळ्याच्या मोजणीची एक वही ठेवायची; शेवटच्या उन्हाळ्याची तिसरी वही टेबलावर होती, ती नानांनी उचलून त्यात कोंबली.

"बठ्ठं त्या किरणंसमुळे व्हयनं. हाई घरमा ठेवू नका."

पॉझिट्रॉन देणारा किरणोत्सारी स्रोत शिशाच्या जाड भिंतीआड असतो. अक्काच्या कोटावरच्या, किरणं मोजणाऱ्या बिल्ल्यात कधी काही वावगं निघालं नव्हतं. किरणं कागदाला चिकटून घरी येत नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं. मी दारातच उभा होतो. सुतकाच्या घरात वडीलधाऱ्यांशी वाद घालत नाहीत, म्हणून मी बाजूला सरलो आणि गाठोड्याला वाट दिली.

आठवड्यानं तिच्यासोबत काम करणाऱ्या मुलीचा फोन आला. नाना तेव्हा ओट्यावर चहा पीत होते.

"सर, संगणकावर आकडे आहेत, पण कोणता आकडा कोणत्या व्होल्टेजचा ते मॅडम वहीतच लिहायच्या. पॉझिट्रॉन अडवून घेतलेली मोजणी कोणती, तेही त्यातच आहे. ती वजा केल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. तिसरी वही पाठवाल?"

मी स्पीकर लावून फोन नानांपुढे धरला. "तुम्हीच सांगा तिला."

"मी काय सांगू? तूच सांग ना भाऊ."

"नाही. त्या दिवशी बोलता येत होतं तुम्हाला."

नानांनी फोन घेतला. बशी खाली ठेवली. "पोरी," ते म्हणाले, "ती वही आम्ही पाण्यात सोडी दिनी."

मग तिनं विचारलं, "का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जरासुद्धा दया नव्हती, आजही नाही. पण 'का'चं उत्तर त्यांच्या एकट्याचं नव्हतं. मी फोन परत घेतला.

"मी त्यांना अडवलं नाही म्हणून," मी म्हणालो.

"मग तिसरा उन्हाळा पुन्हा मोजावा लागेल," ती म्हणाली. "यंत्रावर वेळ मिळाला तर."

फोन ठेवल्यावर नाना म्हणाले, "तिले सांग, जपीसन ऱ्हाय. त्या किरणंसपासून."

मी उठून घरात गेलो आणि दार आतून लावून घेतलं. त्यानंतर त्यांच्याशी बोललेलो नाही.