संकष्टीच्या दिवशीची गोळी

मावसाजींचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या ऑफिसात डबा उघडत होतो. "तुही मावशी उठून नाही राह्यली," ते म्हणाले. नेरजवळच्या त्यांच्या गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, धीराचा माणूस आहे. धीर कसला... आत नुसतं बधिर झालंय.

वेणूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर बारावीपर्यंत मला तिनेच सांभाळलं. कापूस वेचताना सगळ्या बायांच्या पुढे, बोलायला फटकळ, आणि औषधाच्या बाबतीत मात्र पहिलीतल्या पोरीसारखी आज्ञाधारक. साठी उलटली तशी शुगर आली, मग बीपी, मग गुडघे, शेवटी हृदय. "चार पाव्हणे आले, जाचं नाव नाही," ती म्हणायची, "अन् चौघायचा सैपाक येगयेगळा!"

तिच्या दवाखान्यांचं सगळं मी माझ्याकडे घेतलं. कारकून माणूस, फाईल दिसली की हात शिवशिवतात. शुगरचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि प्रत्येकाने आपापलं नीट पाहिलं. गावच्या आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाई मावशीला दोनदा म्हणाल्या होत्या, "सगळ्या फाईली, सगळ्या गोळ्या घेऊन एकदा माझ्याकडे या." मी ते हसण्यावारी नेलं. एवढे मोठे डॉक्टर पाहतायत, ही काय वेगळं सांगणार? त्याऐवजी मी सगळ्यांच्या सूचनांची एकच यादी केली आणि मावशीच्या स्वयंपाकघरात चिकटवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, गोळी चुकवायची नाही. खाली काय खायचं नाही ते : साबुदाणा, बटाटा, रताळं, केळी, तळलेलं. ती ऐकून मावशी म्हणाली, "बापू, मंग उपासाले खाऊ काय?" मी म्हणालो, "उपास कशाला करतेस आता?" ती भाकर थापायला वळली. मला वाटलं, पटलं.

तिने संकष्टी सोडली नव्हती. माझ्या यादीतलं एकेक सोडलं होतं. ती गेली त्या संकष्टीला सकाळी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला, शुगरची गोळी घेतली, चुकवायची नव्हती ना, आणि वावरात गेली. उन्हं चढल्यावर घरी आली, घाम फुटला म्हणाली आणि आडवी झाली. मावसाजींना वाटलं, ऊन लागलं असेल, झोपू द्यावं. शुगर उतरली होती, त्यात हृदय आधीच कमजोर. घरात गुळाची ढेप होती. चूक माझी होती, आणि कोणीही मला तसं म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात मावसाजींना घेऊन त्याच आरोग्य केंद्रात गेलो. त्यांनाही शुगर आहे, बीपी आहे. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या आणि विचारलं, "काका, दिवसभरात काय खाता, कधी खाता? उपास करता का?"

मी नाही म्हणणारच होतो. मावसाजी जन्मात कधी उपाशी राहिलेले नाहीत. मावशीच्या उपासाला तर ते एक भाकर जास्तच खायचे, आणि ती त्यांना त्यावरून चिडवायची.

"करतो," मावसाजी म्हणाले. "मागच्या संकष्टीपासून. तिचा उपास सुटला नाही न त्या दिवशी... चंद्र निघाच्या आंधीच गेली. म्हून म्या धरला."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून शुगरच्या गोळ्यांचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. "धरा. पण संकष्टीला सकाळी ही गोळी घ्यायची नाही. आणि दुपारी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे."

मावसाजींनी मान हलवली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आम्हाला आत येऊन पाचच मिनिटं झाली होती.